तिजाई

बावीस वर्षं मी लग्नं काढली.
सावदा, न्हावी, भालोद, हंबर्डी.
अंतरपाट सुटला, माळ गळ्यात पडली,
तो क्षण हजारदा काढला
आणि एकदाही पाहिला नाही.

कॅमेऱ्यातला आरसा त्याच वेळी वर उडतो, खटाक्.
भिंगातून आलेला सगळा उजेड फिल्मवर,
माझ्या डोळ्याला अंधार.
पापणीएवढाच, पण नेमका तेव्हाच.
माझाच फ्लॅश मला कधी दिसला नाही.
नवरीचा मामा रडला होता
हे आठ दिवसांनी कळायचं,
लॅबच्या पाकिटातून.

भुसावळला फेगडे मिस्त्रींना हे सांगितलं,
मे महिन्यात, पंख्याखाली.
माझ्या कॅमेऱ्यातल्या फोमचं डांबर झालं होतं,
ते काडीला कापूस गुंडाळून खरवडत होते.
बोलले नाहीत. हात पुसले.
मग बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यातून
पंच्यात गुंडाळलेला एक जुना कॅमेरा काढला.
"याचा आरसा उडत नाही."

भिंग उतरवून दाखवलं.
आत तिरका ताणलेला पापुद्रा,
केळीचं सोपट सोलताना हाताला लागतो तसा.
काच नव्हे. आहे असं वाटावं इतकाच.
त्यातून पलीकडचं दिसत होतं
आणि त्यातच माझं नाकही.

मी बोट पुढं केलं.
"हात नोको लावू. फुंकरबी नोको मारू.
थुकीचा एक ठिपका बसला का गेला कामातून."
कानात औषध सोडायच्या रबरी फुग्यानं
ते त्यावरची धूळ हाकलायचे,
स्वतःचा श्वास रोखून.

उजेड आला की हा पापुद्रा वाटे करतो.
दोन हिस्से आरपार, फिल्मला,
एक वर, बघणाऱ्याला.
"तिजाईनं देल्लं समज. वावर फिल्मचं,
तिसरा वाटा डोयाचा."
फिल्मला कमी नाही पडत?
मिस्त्रींनी दाराबाहेर पाहिलं. सेहेचाळीस डिग्री.
सायकलचं तापलेलं सीट, पांढरं पडलेलं आभाळ,
कुत्रं सुद्धा डोळे बारीक करून.
"आपल्याकडे उजेडाची काय कमी हाये?"

कमी पडायची. तेही त्यांनीच सांगितलं.
दिवेलागणीला, मांडवात,
नवरीचा चेहरा गढूळ पाण्यातला दिसायचा.
म्हणून तो चालला नाही.
म्हणून तो डब्यात.

आणखी एक. डोळा काढला
की मागचं भोक झाकायचं,
नाहीतर बघायच्या वाटेनं उजेड उलटा आत शिरतो
आणि फोटो नासतो.
"बघनारा उठला का कवाड लाव."
तिथं खरंच एक बारकं कवाड होतं,
नखानं फिरवायचं.

मग म्हणाले, काढ माझा.
स्टुलावर बसले. टोपी नीट केली, पुन्हा बिघडवली.
मी बटण दाबलं.
खटाक् नाही. चिक्, पालीसारखं.
आणि अंधार झालाच नाही.
क्लिकच्या आत मी जागा होतो,
आणि त्यांनी पापण्या मिटल्या, नेमक्या तेव्हाच.
डाव्या पापणीवर चामखीळ,
ओठ काहीतरी म्हणायच्या बेतात,
मिटलेल्या डोळ्यांचा माणूस कसा
झोपल्यासारखा नाही, ऐकल्यासारखा दिसतो,
सगळं पाहिलं.

"मिटले ना डोये?"
नाही, म्हणालो.
रीळ कधी धुवायचं?
"रीळ कुठाय? अकरा वर्सं झाली,
यात रीळ घातलंच नाही."

चार ट्रंका फोटो आहेत माझ्याकडे, मी न पाहिलेले.
आणि हा एक, नुसताच पाहिलेला.

त्या दुकानात आता मोबाइलच्या काचा बसवतात.
मिस्त्री पिंपरीला, मुलाकडे.
डब्याचं विचारलं नाही.
मला एवढंच आठवत नाही,
त्या दुपारी डोळा काढल्यावर
मी मागचं कवाड लावलं होतं की नाही.